भाग ९ : सकाळपर्यंत थांबायचं नाही, असे प्रसंग

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पायदळात बत्तीस वर्षं काढली, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि महूला, म्हणजे इंदूरजवळच्या छावणीच्या गावात, घर केलं. औषधं सुचवण्याचा मला अधिकार नाही आणि या भागात मी ते करणारही नाही. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर कुठल्या वेळी हातातलं काम टाकून गाडी काढायची, एवढंच सांगणार आहे. मला स्वतःला ते दोनदा उशिरा कळलं. एकदा बायकोच्या बाबतीत आणि एकदा थोरल्या भावाच्या.

२०१७ सालची गोष्ट. बायकोला स्तनाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया झालेली, दर २१ दिवसांनी केमो चालू. ते लाल रंगाचं औषध ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस होता. संध्याकाळपर्यंत ती बरी होती, मुलीशी फोनवर बोलली, थोडा मऊ भात खाल्ला. रात्री साडेअकराला म्हणाली, "अहो, जरा कणकण वाटतेय." थर्मामीटर लावला, १०१.२. मी पॅरासिटामॉलची गोळी दिली. एक वाजता पुन्हा मोजला तर ९९.४. मला हायसं वाटलं. सकाळी डॉक्टरांना फोन करू असं ठरवून मी झोपलो.

साडेतीनला तिने मला हलवलं आणि विचारलं, "अहो, गाडी लागली का फलाटावर?" मला वाटलं स्वप्नात बोलतेय. पाणी द्यायला हात धरला तर तळवा बर्फासारखा गार आणि श्वास भराभर चाललेला. अंगाला ताप लागत नव्हता, उलट अंग गार होतं. तेव्हा कुठे माझी झोप उडाली. इंदूरला पोचेपर्यंत पाच वाजले. कॅज्युअल्टीत रक्तदाब मोजला तो वरचा ८० आणि खालचा ५०. पुढचे सहा दिवस ती आयसीयूत होती. एका डॉक्टरने माझ्याकडून टिपण घेताना विचारलं, "ताप पहिल्यांदा कधी मोजलात?" मी म्हटलं, साडेअकराला. त्याने ते लिहून घेतलं, मान वर केली नाही आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ती वाचली. आता आत काय होतं ते समजून घ्या, कारण हे एकदा समजलं की तुमच्या हातून माझी चूक होणार नाही.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळाच्या असतात, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या असतात आणि हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्याही असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि पांढऱ्या पेशी खाली येतात. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाची एक जात आहे. जंतू घुसले की पहिल्यांदा धावणारी हीच. बऱ्याचशा केमोंमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तिची संख्या तळाला जाते. निरोगी माणसात दर मायक्रोलिटर रक्तात ती दीड हजाराच्या वर असते. ५०० च्या खाली गेली की पहारा जवळजवळ उठला असं समजा. मग बाहेरून जंतू यायचीही गरज नसते. आपल्याच आतड्यातले, तोंडातले जंतू अस्तराला पडलेल्या भेगांतून रक्तात शिरतात आणि काही तासांत रक्तदाब पाडतात.

यातली फसवी गोष्ट अशी की एरवी संसर्गाच्या ज्या खुणा आपण ओळखतो त्या बहुतांशी या पांढऱ्या पेशींमुळेच दिसतात. पू म्हणजे काय, तर मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. तेच नसतील तर पू होणार नाही, जखम लाल होणार नाही, छातीचा एक्सरेही स्वच्छ येऊ शकतो. खोकला नाही, जुलाब नाही, नुसता ताप. म्हणजे पहाऱ्यावर कोणी नाही आणि एकच घंटा वाजतेय. मी पॅरासिटामॉल देऊन ती घंटा बंद केली आणि झोपलो. रोग तिथेच होता, फक्त आकडा उतरला.

तर आकडे पाठ करा. जिभेखाली थर्मामीटर ठेवून एकदाही १०१ आला, किंवा १००.४ येऊन तासभर टिकला, तर ही आणीबाणी आहे. आमच्या घरात मी याहून साधा नियम केला. १००.४ दिसला की डॉक्टरांना फोन आणि फोन लागला नाही तर थेट दवाखाना. गोळी द्यायच्या आधी मोजायचं आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी द्यायची नाही. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही, एनिमा द्यायचा नाही, कारण तिथल्या नाजूक अस्तरातून जंतू आत जाऊ शकतात. आणि उलटंही लक्षात ठेवा. रुग्ण स्टेरॉइडवर असेल किंवा फार वयस्क असेल तर ताप न येताही हे सगळं होऊ शकतं. हुडहुडी भरली, माणूस असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी निघायचं. पोर्ट किंवा हातातली लांब नळी असेल आणि ती धुतल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजून आली, तर नळीतच जंतू असण्याची शक्यता असते. तेही सांगायचं.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "ताप आलाय" हे नव्हे. रात्रीच्या ड्युटीवरचा तरुण डॉक्टर दिवसाला पन्नास ताप बघतो. "केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप १०१" असं म्हणायचं. या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की रांग बदलते. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णाला दवाखान्यात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून पहिलं अँटिबायोटिक मिळावं असं म्हटलेलं आहे. कल्चरसाठी रक्त आधी काढून घेतात, पण त्याच्या अहवालाची वाट बघत औषध रोखत नाहीत. नातेवाईक म्हणून तुम्ही आवाज न चढवता विचारू शकता, "डॉक्टर, पहिलं अँटिबायोटिक किती वाजता लागेल?" भांडणापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो, हे मी भांडूनही पाहिलं आहे म्हणून सांगतो.

तिसऱ्या केमोनंतर पुन्हा ताप आला. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन दिलेलं होतं, तरी आला. या वेळी दारामागे पिशवी तयार होती. रात्री नऊ वाजता ताप मोजला, पावणेदहाला आम्ही कॅज्युअल्टीत होतो आणि साडेदहाच्या आत औषध चालू झालं. चार दिवसांनी ती चालत घरी आली, वाटेत भाजीही घ्यायला लावली.

इथे मला वाटलं होतं, आपण धडा शिकलो. पण मी ताप शिकलो होतो. पाठ शिकलो नव्हतो.

थोरला भाऊ नागपूरला असायचा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होता, तीन वर्षं इंजेक्शनवर छान चालला होता. इतका छान की आम्ही त्याला रुग्ण म्हणणंच सोडून दिलं होतं. २०१९ च्या दिवाळीनंतर फोनवर म्हणाला, पाठ दुखतेय. मी पायदळातला माणूस. पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन डोंगर चढलेल्या प्रत्येकाची पाठ दुखते. मी म्हटलं, "दादा, पट्टा लाव, कडक गादीवर झोप, आठ दिवसांत बरं वाटेल." त्याने दोन आठवडे तेल लावून घेतलं, शेक घेतला. दुखणं मात्र झोपलं की वाढायचं. तो रात्री खुर्चीत बसून झोपायला लागला. हे त्याने मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, एक गंमत सांगू का? हल्ली ह्यांची चप्पल वाटेतच गळून राहते आणि ह्यांना पत्ताच नसतो." आम्ही दोघेही हसलो. दोन दिवसांनी त्याला जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी लघवी अडली. एमआरआय झाला तेव्हा पाय हलत नव्हते.

कॅन्सर मणक्याच्या हाडात उतरतो, तिथे वाढतो आणि आतल्या मज्जारज्जूला दाबतो. प्रोस्टेट, स्तन आणि फुफ्फुसाचा कॅन्सर, शिवाय मायलोमा, यांत हे विशेष आढळतं. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून पायांकडे, मूत्राशयाकडे, गुदद्वाराकडे जाणाऱ्या तारांची जुडी. दाब आला की आधी दुखतं, मग ताकद जाते, मग स्पर्श जातो आणि बहुधा शेवटी लघवी-शौचावरचा ताबा. दुखण्यापासून ताकद जाईपर्यंत कित्येकदा काही आठवडे मिळतात. ताकद जायला लागल्यावर मात्र हिशेब तासांवर येतो. स्टेरॉइड लगेच चालू करतात, संपूर्ण मणक्याचा एमआरआय करतात आणि मग रेडिएशन, ज्याला आपल्याकडे अजून शेक किंवा लाईट म्हणतात, ते देतात, किंवा शस्त्रक्रिया, किंवा दोन्ही. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो तो पुढेही बहुधा चालत राहतो. ज्याचे पाय आधीच गेलेले असतात त्यांच्यातले थोडेच पुन्हा उभे राहतात. दादा राहिला नाही. पुढचं सव्वा वर्ष त्याने चाकाच्या खुर्चीत काढलं.

म्हणून कॅन्सर झालेल्या माणसाची, मग उपचार संपून पाच वर्षं झालेली असोत, पाठ दुखली तर या गोष्टी विचारा. आडवं झाल्यावर दुखणं वाढतं का? साधी कंबर बहुधा पडल्यावर निवते, ही निवत नाही. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना कळ येते का? छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं का? दुखणं कंबरेत नसून वर, दोन फऱ्यांच्या मध्ये आहे का? जिना जड जातो का, पाय लटपटतात का, चप्पल गळते का? सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर वाटतो का? यातलं दुखणं असेल तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. पायांची किंवा लघवीची तक्रार असेल तर फोन करत करतच गाडीत. मालिशवाला, हाड बसवणारा, कायरोप्रॅक्टर, यांच्याकडे कृपा करून नेऊ नका. कॅन्सरने पोखरलेलं हाड दाबलं तर मोडतं. पाय गेलेले असतील तर रुग्णाला बसवू नका, काखेत हात घालून उचलू नका. डोकं, खांदे आणि कमरा एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून, लाकडाचा ओंडका कूस बदलावा तसं त्याला फळीवर घ्यायचं. हे मी पंचवीस वर्षं जवानांना शिकवलं होतं.

बाकीचे प्रसंग थोडक्यात सांगतो. त्यांना मी स्वतः सामोरा गेलेलो नाही, पण बायकोच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर पाहिले, डॉक्टरांना विचारून घेतले.

एक खाट होती एका बाईंची. हाडांत पसरलेला आजार. आठवडाभर बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्रीतून दहा वेळा लघवी आणि आता कोणाला ओळखेनात. मुलगा म्हणत होता, वय झालं, भ्रम झालाय. रक्तात कॅल्शियम वाढलं होतं. सलाईन आणि शिरेतून दिलेल्या औषधाने तीन-चार दिवसांत बाईंनी मुलाला नावाने हाक मारली. घरचे लोक हाडं बळकट व्हावीत म्हणून त्यांना डॉक्टरांना न विचारता कॅल्शियमच्या गोळ्या देत होते. तेव्हा तहान, बद्धकोष्ठ आणि गुंगी एकत्र दिसली तर वयावर ढकलू नका, रक्त तपासायला सांगा.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक उलटाच प्रकार असतो. औषध फार चांगलं लागू पडतं, पेशी ढिगाने मरतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि यूरिक आम्ल एकदम रक्तात उतरतं. मूत्रपिंडं तुंबतात, हृदयाचा ठोका चुकतो. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच होण्याचा संभव जास्त, म्हणून सुरुवातीला दाखल करून घेतात, सलाईन देतात, रोज रक्त काढतात. "बरा दिसतोय तर कशाला ठेवता?" म्हणून घरी न्यायची घाई करू नका. लघवी कमी होणं, पेटके येणं, छातीत धडधड, या तिथल्या खुणा.

चेहरा आणि मान सुजलेली, सकाळी जास्त, वाकलं की डोकं भरून येतं, गळ्यावरच्या आणि छातीवरच्या शिरा टरारलेल्या, सदऱ्याची कॉलर घट्ट होते. छातीतली गाठ हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेला दाबत असेल तर असं होतं. रुग्णाला उशीला टेकवून बसवा आणि चला. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, तर रक्ताची गाठ असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली की एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते. कॅन्सरच्या रुग्णात हे इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. तो पाय चोळायचा नाही.

रक्तस्राव. केमोमुळे प्लेटलेट खाली गेल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, कातडीवर लाल टिपके उठतात. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन जातीच्या वेदनाशामक गोळ्या द्यायच्या नाहीत, दंडात-कमरेत इंजेक्शन घेऊ द्यायचं नाही. तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे तो घरोघरी आहे. रेडिएशन झालेल्या मानेतल्या मोठ्या रोहिणीची भिंत कधीकधी झिजते. मोठा स्राव व्हायच्या आधी एकदा-दोनदा थोडं ताजं रक्त येऊन आपोआप थांबू शकतं. थांबलं म्हणून निःश्वास टाकू नका, त्याच दिवशी दाखवा. वाहायलाच लागलं तर घडी केलेलं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. ज्यांच्या घरी हा धोका डॉक्टरांनी सांगितला आहे त्यांनी गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल खाटेजवळ ठेवावेत. पांढऱ्या चादरीवर रक्त आहे त्याच्या चौपट दिसतं आणि रुग्णही ते बघत असतो.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ जातो, फिट त्याने थांबत नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली, पहिल्यांदाच आली किंवा एकामागून एक आली, तर अँब्युलन्स.

आणि मॉर्फिन. याबद्दल आपल्याकडे भीती इतकी की लोक दुखणं सहन करतात पण गोळी घेत नाहीत. ती भीती सोडा. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते चांगलं औषध आहे. पण हाक मारून, खांदा हलवूनही माणूस जागा होत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि श्वास मिनिटाला आठच्या खाली आले असतील, तर मात्रा जास्त झाली आहे. लगेच दवाखाना. लघवी कमी झाली की मॉर्फिन अंगात साचतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. फेंटॅनिलची पट्टी लावलेली असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर आत जातं. जोरदार ताप आला तरी तेच होतं. आमच्या महूच्या थंडीत ही चूक करणं फार सोपं आहे.

हल्ली इम्युनोथेरपी निघाली आहे. ती केमो नाही. तीत शरीराची स्वतःची फौज मोकळी सोडतात आणि ती फौज कधी आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर, ग्रंथींवर चालून जाते. जुलाब, नवा खोकला, धाप, विलक्षण थकवा, हे औषध थांबल्यानंतर कित्येक महिन्यांनीही येऊ शकतं. अशा माणसाचे जुलाब हॉटेलातल्या जेवणामुळेच असतील असं धरून चालू नका आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी त्या औषधाचं नाव आधी सांगा.

आता पिशवी. आमच्या दारामागे खुंटीला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात थर्मामीटर, जास्तीचे सेल, फोनचा चार्जर, दोन हजारांच्या सुट्या नोटा, आधार आणि विम्याच्या किंवा ईसीएचएसच्या कार्डाच्या प्रती, शेवटचा रक्ताचा अहवाल आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी महत्त्वाची. पोस्टकार्डाएवढा कागद, इंग्रजीत, टाइप केलेला. आपण मराठी माणसं आज वडोदऱ्याला आहोत, हैदराबादला आहोत, बेळगावला, रायपूरला आहोत. रात्री दोन वाजता तिथल्या डॉक्टरला मराठीत समजावायला जाऊ नका आणि स्वतःच्या हिंदी-तेलुगूवरही भरवसा ठेवू नका. घाबरलेल्या माणसाची परभाषा आधी पळते. चिठ्ठीवर लिहायचं ते असं : आजाराचं नाव आणि टप्पा, चालू औषधांची नावं, शेवटची केमो कुठल्या तारखेला, पोर्ट आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, रक्तगट, इतर आजार, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर. तारीख दर केमोला बदलायची. बायको स्वतः बदलायची, माझ्यावर तिने ते काम सोपवलं नाही.

दुसरी गोष्ट, दिवसा जाऊन वाट बघून या. फौजेत आम्ही याला रेकी म्हणतो. पहिल्या प्रसंगानंतर मी रात्री अकराला एकटाच गाडी घेऊन इंदूरला गेलो. तेव्हा कळलं की त्या दवाखान्याचं समोरचं फाटक रात्री बंद असतं आणि कॅज्युअल्टी मागच्या गल्लीतून आहे. त्या पहाटे आम्ही बंद फाटकासमोर काही मिनिटं हॉर्न वाजवत उभे होतो. विचारून घ्या : रात्री एमआरआय होतो का, रक्तपेढी आहे का, आयसीयू आहे का, तुमच्या डॉक्टरांच्या रुग्णांना थेट घेतात का. १०८ तुमच्या भागात किती वेळात येते ते शेजाऱ्यांना विचारा. ११२ हा नंबर देशभर चालतो. कागदपत्रांचं, रेफरलचं नंतर बघता येतं, आधी माणूस आत जाऊ द्या.

आणखी एक बोलायचं राहिलं आणि ते मला सोपं नाही. दादाचे पाय गेल्यावर सहा महिन्यांनी त्याने मला आणि वहिनींना समोर बसवून सांगितलं, "मला नळ्या नकोत. दुखणं थांबवा, ताप आला तर औषध द्या, पण श्वासाच्या मशीनवर घालू नका." त्याने ते लिहून दिलं. अशा इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. शेवटच्या रात्री त्याला धाप लागली तेव्हा काय करायचं हे आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टर घरी आले, मॉर्फिनची छोटी मात्रा दिली, खिडकी उघडली, टेबलावरचा पंखा चेहऱ्याकडे फिरवला. वहिनी त्याचा हात धरून बसल्या होत्या. हे आधी बोललेलं नसतं तर मी त्याला गाडीत घातलं असतं, आणि माझा स्वभाव बघता सिग्नलही तोडले असते. प्रत्येक आणीबाणीत काय करायचं ते रुग्णाला, तो शुद्धीवर असताना, विचारून ठेवा. उत्तर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा, कारण ते बदलतं.

बायको आता बरी आहे, वर्षातून एकदा तपासणीला जातो. पिशवी अजून खुंटीला आहे, तिच्यात आता ती बाजाराच्या याद्या ठेवते. गेल्या महिन्यात तिची पाठ दुखली. बाग खणली होती, दुसरं काही नव्हतं. तरी मी तिला दुपारी आडवं व्हायला लावलं आणि विचारलं, "वाढतंय का?" ती म्हणाली, "निवतंय, जा तुम्ही चहा करा." तरीही आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून आलो.

पुढच्या भागात रेफरल, विमा आणि दाखल होताना भरायच्या कागदांबद्दल बोलू.